रवण : कोकणच्या परसातला एक न लिहिलेला व्यवहार

हरिहरेश्वराच्या इतिहासावर लिहायला बसलेला माणूस साधारणपणे दोन वाटांनी जातो. एक वाट देवळाची. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्या, काळभैरव, समुद्राच्या कडेने जाणारी प्रदक्षिणा, पेशव्यांचे कुलदैवत. दुसरी वाट सत्तेची. जंजिऱ्याचे सिद्दी, श्रीवर्धनची देशमुखी, तिथून निघालेले बाळाजी विश्वनाथ, १९४८ सालचे संस्थानाचे विलीनीकरण. या दोन्ही वाटांवर कागद भरपूर आहेत आणि माझ्यापेक्षा जाणत्या अभ्यासकांनी ते वाचले आहेत. मी या लेखात तिसऱ्या वाटेने जाणार आहे. ती घराच्या मागच्या दाराने परसात उतरते, आणि तिथे कागद नाहीत.

माझा प्रश्न साधा आहे. या किनाऱ्यावरच्या कुणबी, कोळी, मुसलमान घरांत कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. त्यांची पैदास कोण करत होते, कोणत्या नियमांनी, आणि तिचा हिशेब कुठे राहत होता? गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मी काळिंजे, बागमांडला आणि हरिहरेश्वराच्या आसपासच्या वाड्यांतून, तसेच फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेश्वी-बाणकोटच्या बाजूलाही या एका प्रश्नासाठी फिरतो आहे. ज्यांच्याशी बोललो त्या बहुतेक साठीच्या पुढच्या स्त्रिया. त्यांची नावे इथे नाहीत, कारण त्यांनीच ‘नाव नको, भाऊ’ म्हटले. पुरुषांना विचारले की ते हसतात आणि आत हाक मारतात. हीसुद्धा एक नोंद समजावी.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण जिथे दप्तर नसते तिथे कोश हेच दप्तर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. खुराडे, डाले, तलंग असे शब्द तिच्यात आहेत. खुराडे म्हणजे कोंबड्यांचे घर, डाले म्हणजे त्यांना झाकायची बांबूची मोठी टोपली, तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. ‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण आपण राजकारणावर बोलताना वापरतो, पण ती रोज रात्री डाले घालणाऱ्या हातांतून आलेली आहे. तलंग हा शब्द तर अजून सरकारी कागदावर जिवंत आहे. अनुदानाच्या योजनेत ‘तलंग गट’ असतो : पंचवीस तलंगा आणि तीन नर. इतका जुना, इतका घरगुती शब्द शासन निर्णयात टिकून राहावा याचे मला फार कौतुक वाटते.

दोन शब्द मात्र या लेखाचे प्राण आहेत. पहिला खुडूक. अंडी घालणे थांबवून, अंग फुलवून, घोगऱ्या आवाजात कुरकुरत अंड्यांवर बसायला मागणारी कोंबडी ती खुडूक. दुसरा रवण. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून ती उबवून घेण्याचे सगळे काम म्हणजे रवण. ‘कोंबडी रवणाला बसवली’, ‘यंदा दोन रवणी झाल्या’ असे बोलले जाते. पिल्ले, कोंबडी, टोपली, दिवस आणि त्यामागचा शेजाऱ्यांशी झालेला करार एवढे सगळे या एका शब्दात मावते.

रवणाची रीत मी जशी ऐकली तशी सांगतो. कोंबडी खुडूक होण्याची चिन्हे दिसू लागली की बाई अंडी खायची आणि विकायची थांबवते. अंडी साठवायची जागा माठाखालची ओली वाळू किंवा माठाशेजारची टोपली. याचे कारण मी पुढे वाचनातून समजून घेतले. अंड्यातला जीव वीस-एकवीस अंशांच्या खाली निद्रिस्त राहतो. त्याच्यावर तापमान गेले की तो अर्धवट जागा होतो आणि पुरती ऊब न मिळाल्याने मरतो. कोकणात वीस अंश घरात सहसा मिळत नाही, म्हणून मिळेल तितका गारवा शोधायचा आणि आठवड्यापेक्षा जुने अंडे रवणात घालायचे नाही. एका आजींनी मला हे एका वाक्यात सांगितले होते : ‘अंड्याला निजवून ठेवायचं, मग सगळ्यांना एकदम उठवायचं.’ वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी का फुटतात, याचे यापेक्षा नेमके स्पष्टीकरण मला कुठल्या पुस्तकात मिळालेले नाही.

टोपलीत खाली राख, वर भाताचा पेंढा. राख पिसवांसाठी. काही घरांत पेंढ्यात कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवतात, विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. अंड्यांची संख्या विषम : नऊ, अकरा, तेरा. गावठी कोंबडी अंगाने लहान, तिच्या पंखांखाली याहून जास्त नीट झाकली जात नाहीत, तेव्हा विषम संख्येचा आग्रह श्रद्धेचा असला तरी तेराची मर्यादा अनुभवाची आहे. अंडी निवडताना लांबट टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि वाटोळ्यातून कोंबडी, असे जवळजवळ सगळ्यांनी सांगितले. शास्त्राला हे मान्य नाही. पिल्लाचे लिंग कोंबडीच्या बीजातच ठरलेले असते आणि कवचाच्या आकाराशी त्याचा संबंध नसतो. पण हा समज आपल्याच आयाबायांचा आहे असे मानून कोणी हसू नये. ॲरिस्टॉटलने हाच विषय लिहून ठेवला आहे, फक्त उलट : त्याच्या मते टोकदार अंडे मादीचे. रोमन लेखक प्लिनी आणि कोलुमेला मात्र काळिंज्याच्या बाजूचे.

दिवस मोजायची पद्धत मला सर्वांत आवडली. उबवणीला एकवीस दिवस लागतात, म्हणजे बरोबर तीन आठवडे. म्हणून तारीख लक्षात ठेवायची नाही, वार ठेवायचा. सोमवारी बसवली तर चौथ्या सोमवारी पिल्ले. ज्या घरात कॅलेंडर नव्हते तिथेही वार होता, बाजार होता, जुम्मा होता. आठव्या दिवसाच्या आसपास अंधारात दिव्यासमोर अंडे मुठीत धरून पाहतात. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे, लख्ख दिसले तर अंडे वांझ. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी कोमट पाण्याच्या परातीत अंडी सोडतात. जिवंत अंडे पाण्यावर थरथरते. लहानपणी ते पाहायला मुले गोळा होत, असे सांगताना एका बाईंनी दोन्ही हात हलवून ती थरथर करून दाखवली.

पावसाळ्यात मात्र रवण घालायचे नाही, हा नियम सगळीकडे सारखा. कारण विचारले तर ‘पिल्लं कोंदटतात’, ‘पिल्लं अंड्यात बुडतात’ अशी उत्तरे येतात. बुडतात हा शब्द मी आधी बोलण्याची लकब समजलो होतो, पण तो अक्षरशः खरा आहे. उबताना अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जावे लागते. वजनाचा साधारण आठवा भाग असा कमी झाला तर पिल्लाला श्वास घ्यायला आत हवेची पुरेशी पोकळी तयार होते. जुलै महिन्यात या किनाऱ्यावर हवाच पाण्याने भरलेली असते. अंड्यातले पाणी जायला जागा नाही, आणि पूर्ण वाढलेले पिल्लू शेवटच्या दिवशी कवचाच्या आत गुदमरते.

मग रवण कधी? नवे भात घरात आले की. दिवाळीच्या पुढेमागे झोडणी होते, कणी आणि कोंडा मुबलक होतो, हवा कोरडी होत जाते, आणि खळ्यावर सांडलेले दाणे व पेंढ्यातले किडे पिल्लांना आयते मिळतात. कार्तिकात निघालेले पिल्लू पाच-सहा महिन्यांत, म्हणजे चैत्र-वैशाखात, तयार होते. नेमका तेव्हा मुंबईचा चाकरमानी सुट्टीला येतो. माघातल्या दुसऱ्या रवणाची पिल्ले आषाढात हाताशी येतात, गटारीला. म्हणजे भात, हवा, गिरणीची सुट्टी आणि श्रावण हे चारही एका टोपलीच्या वेळापत्रकात बसवलेले होते. ते कोणी बसवले, याचे उत्तर मात्र एका माणसाच्या नावाने देता येत नाही.

भात आणि कोंबडी यांचे नाते फार जुने निघाले आहे. कोंबडी माणसाळली कुठे यावर दोन शतके वाद चालू आहे. फ्रेंच निसर्गप्रवासी सोनेरा याने अठराव्या शतकात आपल्या दख्खनी जंगलातला राखी रानकोंबडा पाहिला आणि हाच गावठी कोंबडीचा पूर्वज असे त्याला वाटले. त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात सोनेरा अजून आहे. डार्विनने १८६८ साली लाल रानकोंबड्याच्या बाजूने कौल दिला आणि तो आजही मुख्यतः टिकून आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात माणसाळलेल्या कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडमधल्या बान नोन वाट इथले ठरले, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५०च्या दरम्यानचे. त्या अभ्यासाचे म्हणणे असे की, भात आणि भरडधान्याची शेती आली, दाणे सांडू लागले, आणि रानपक्षी आपणहून वस्तीजवळ सरकला. सोनेरालाही अगदीच रिकाम्या हाताने परत पाठवायला नको. कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही, तो आपल्या सह्याद्रीत अजून आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकांवरून दिसून आले. जगभरच्या दुकानांत टांगलेल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत आपल्या जंगलाचा एक धागा आहे.

आता हिशेबाकडे वळतो. रवण हा एकट्या घराचा मामला नसे. एकीकडे खुडूक कोंबडी असे पण अंडी नसत, दुसरीकडे अंडी असत पण कोंबडी खुडूक नसे. तेव्हा अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिल्ले निम्मी-निम्मी. याला अर्धेली म्हणतात. लग्न होऊन आलेल्या मुलीला माहेरून तलंग येई, ती अंड्यावर आली की तिच्या पहिल्या रवणातले एक पिल्लू माहेरी परत जाई. गरीब शेजारणीला कोंबडी अर्धेलीने दिली जाई. सांभाळ तिचा, पिल्ले दोघींची, आणि कोंबडी घारीने नेली तर भांडण नाही, कारण ‘घारीचा वाटा आधीच धरलेला असतो’. घार, मुंगूस, रानमांजर आणि साप यांचे नुकसान व्यवहारात आधीच सोडून दिलेले आहे. आपल्या विमा कंपन्यांनी हे वाक्य कुठेतरी लावून ठेवावे.

यातून येणारा पैसा बाईचा. शेती नवऱ्याच्या किंवा खोताच्या नावावर, मासळीचा पैसा घरात येऊन वाटला जाणारा, मनीऑर्डर सासूच्या हातात. अंड्यांचा आणि कोंबडीचा पैसा मात्र खुराड्यातून थेट पदराच्या गाठीत. एका कुणबी आजींनी मला सांगितले, ‘घरधन्याच्या पैशाला दहा वाटा फुटतात, भाऊ. कोंबडीच्या पैशाला एकच, ती माझी.’ जानेवारी १९८२मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घरोघरचे चाकरमानी गावी परतले. त्या वर्षाबद्दल विचारले तेव्हा तीन वेगवेगळ्या घरांत मला कोंबड्यांचा उल्लेख आपणहून ऐकायला मिळाला. मनीऑर्डर थांबली होती, खाणारी तोंडे वाढली होती, आणि मीठ-मिरचीचा, वहीपेन्सिलीचा खर्च अंड्यांवर निघत होता. गिरणी संपावर मराठीत खूप लिहिले गेले आहे. संपाच्या गावाकडच्या बाजूला खुडूक कोंबडी होती, हे त्यात जोडायला हवे असे मला वाटते.

हे सगळे लिहिले का गेले नाही? पहिले कारण उघड आहे. लिहिणाऱ्याच्या घरात कोंबडी नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य पक्ष्यांत ‘ग्रामकुक्कुट’ आहे, म्हणजे गावात उकिरड्यावर चरणारा. रानातल्याचा उल्लेख त्या यादीत नाही. त्यामुळे देवळाभोवतीच्या आळीत कोंबडी शिरली तर हाकलायची वस्तू होती आणि वाडीत ती लक्ष्मी होती. दप्तर आळीत लिहिले जाई. दुसरे कारण, जिथे कोंबडीचा संबंध सत्तेशी येई तिथे तो देण्याचा असे, आणि अशा देण्याची पावती नसते. सणाला खोताकडे कोंबडी पोचवावी लागे, हे मला ऐंशीच्या पुढच्या दोघींनी त्यांच्या सासवांच्या तोंडचे म्हणून सांगितले. याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षे नांगर खाली ठेवला, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. त्या लढ्यात भाताच्या वाट्याचा हिशेब झाला आणि तो व्हायलाच हवा होता. सणाच्या कोंबडीचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण तो बाईच्या खात्यातून जात होता.

सावित्रीच्या मुखापाशीही हेच दिसते. उत्तरेला हरिहरेश्वर-बागमांडला, दक्षिणेला बाणकोट. १७५६ साली बाणकोट पेशव्यांशी झालेल्या तहाने इंग्रजांकडे गेला आणि त्याचे फोर्ट व्हिक्टोरिया झाले. मुंबईकर इंग्रजांना त्याची ओढ असण्याचे एक कारण पोटाचे होते. आसपासची वस्ती बरीचशी मुसलमान, म्हणून शहराला आणि जहाजांना मांसासाठी गुरे इथून मिळतील, असा हिशेब. चर्चा गुरांची होते. डोक्यावर डाले घेऊन बंदरावर उतरलेल्या बाईला काय भाव मिळाला, हे लिहून ठेवावे इतका तो माल कोणाला मोठा वाटला नसणार.

एका बाबतीत मात्र परसातल्या भाषेने इतिहासावर मोठी मोहोर उमटवली आहे. कोंबड्यांना मान वाकडी करून, गोल फिरवून मारणारा रोग आहे. त्याला गावात मानमोडी म्हणतात. एका घरात शिरला की दोन-चार दिवसांत वाडीची खुराडी रिकामी होतात. १९१८ साली जो इन्फ्लुएंझा आला आणि ज्यात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली, त्यालाही महाराष्ट्राने मानमोडीच म्हटले. माणसाच्या आणि कोंबडीच्या साथीला एकच नाव. पुढे १९१८च्या त्या विषाणूची जनुके पक्ष्यांमधल्या विषाणूंशी जवळीक दाखवणारी निघाली, तेव्हा मला हा शब्द पुन्हा आठवला. कोंबड्यांची मानमोडी हा वेगळा विषाणू आहे, हे स्पष्ट करतो. १९२६च्या सुमारास तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे ओळखला गेला, पाठोपाठ आपल्याकडे कुमाऊंतल्या राणीखेतला. म्हणून जग त्याला न्यूकॅसल म्हणते आणि आपले पशुवैद्य राणीखेत. मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४०च्या दशकात तयार झालेली त्याची लस आजही वापरात आहे. अडचण एवढीच की लसीची कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची असते, ती थंड ठेवावी लागते, आणि विरघळवली की लगेच संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या बाईने काय करायचे? एका वाडीत यावर सरळ तोडगा निघालेला मी पाहिला. सगळ्यांनी वर्गणी काढून एक कुपी आणायची, पहाटे डाली उघडायच्या आधी घरोघर फिरून टोचायची. अर्धेलीचाच हा नवा अवतार.

आणि आता ज्या बदलामुळे मला हा लेख आत्ताच लिहावासा वाटला, त्याकडे येतो. कोंबडीशिवाय अंडी उबवायचा खटाटोप माणूस फार पूर्वीपासून करत आहे. इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवीत. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७४९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमात १८७९पासून उबवणी यंत्राचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस मुंबईच्या आरे कॉलनीत केंद्राचे पैदास केंद्र आले, राज्याची अंडी उबवणी केंद्रे आली, पुण्यात खडकीचे त्यातलेच. १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि पुढे पुणे या धंद्याची राजधानी बनले. यामुळे अंडे गरिबाच्या ताटात आले, हे मोठे काम आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा अजिबात इरादा नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते, पिंजऱ्यातली तीनशेच्या घरात.

पण हे साधले कशाने? इतर गोष्टींबरोबर, खुडूकपणा काढून टाकून. खुडूक झालेली कोंबडी तीन आठवडे रवणात आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लांमागे, म्हणजे तितके दिवस अंडी नाहीत. यंत्र आल्यावर हा काळ वाया गेलेला ठरला. तेव्हा न बसणाऱ्या कोंबड्या निवडत निवडत पैदास केली गेली. लेगहॉर्न तर जवळजवळ बसतच नाही. परसासाठी म्हणून तयार केलेल्या वनराजा, गिरिराजा या जातीही सहसा बसत नाहीत, आणि माहितीपत्रकात हा गुण म्हणून सांगितला जातो. माझ्या मते इथे एक शब्द घाईत वापरला जातो. कारखान्याच्या दृष्टीने तो दोष होता, हे खरे. परसाच्या दृष्टीने खुडूकपणा ही पुढच्या पिढीची मालकी होती. ज्या घरात खुडूक कोंबडी आहे त्या घराला पिल्लू विकत घ्यावे लागत नाही. ती गेली की दर दीड-दोन वर्षांनी कोणाच्या तरी दारात उभे राहणे आले : योजनेच्या, हॅचरीच्या, नाही तर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले मोटारसायकलवरून विकणाऱ्याच्या.

२०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशातले कुक्कुट ८५ कोटी १८ लाख भरले, त्यातले परसातले ३१ कोटी ७० लाख. परसातल्या पक्ष्यांची वाढ सात वर्षांत जवळपास ४६ टक्के. हा आकडा वाचून मला आनंद झाला आणि लगेच शंकाही आली. परसातली कोंबडी मोजली, पण ती कुठल्या पोटाखालून निघाली हे या आकड्यांत कळत नाही. गावात कोंबड्या वाढलेल्या दिसतात आणि रवणी कमी झालेल्या, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. मी फिरलो त्या वाड्यांत ते तसे आहे. अनेक घरांत उंच, दणकट, रंगीत वनराजा फिरतात. पाचवी-सातवीतल्या मुलींना मी खुडूक म्हणजे काय विचारले, तर एकीने सांगितले, ‘घरात बसून राहणाऱ्या माणसाला बोलतात ते.’ शब्द उरला आहे, त्यातली कोंबडी उडाली आहे.

गावठी वाण टिकले ते काही अंशी देवामुळे. राखणदाराला कोंबडा लागतो, एकवीरेच्या नवसाला लागतो, आणि तो गावठीच लागतो. अमुक रंगाचा, कधी उलट्या पिसांचा. उलट्या पिसांच्या कोंबड्याला बाहेरच्या बाधेच्या उताऱ्यासाठी इतकी मागणी असे की, ते वाण मुद्दाम राखले जाई. श्रद्धेबद्दल वाचकांचे मत काहीही असो, रंगांची आणि पिसांची ही विविधता ज्या व्यवस्थेने सांभाळली तिला पैदासकेंद्र म्हणायला हरकत नसावी.

परसातल्या कोंबडीवरचे मोठे घाले अलीकडे दोन दिशांनी आले. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि मोठ्या शेडबरोबर आसपासच्या गावांतल्या घरगुती कोंबड्याही मारल्या गेल्या. जानेवारी २०२५मध्ये तो आपल्या रायगडात, उरणजवळ चिरनेरला आला. होय, १९३०च्या जंगल सत्याग्रहाचे चिरनेर. रोग माणसापर्यंत पोचू नये म्हणून ठरलेल्या परिघातले सगळे पक्षी नष्ट करणे आवश्यक असते, यात वाद नाही. भरपाईही मिळते. तिच्या दरपत्रकात पक्षी अंड्यांचा की मांसाचा आणि वय किती आठवडे, असे रकाने असतात. दहा वर्षे ज्या आईच्या वंशातल्या कोंबड्या बसत आल्या, त्या वंशाचा रकाना नसतो, आणि पैसे घेऊन बाजारात गेले तर तसली कोंबडी मिळतही नाही.

दुसरा घाला समुद्राकडून. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन तालुक्यातल्या सुपारीच्या आणि नारळीच्या बागा झोपल्या, घरांवरचे पत्रे आणि कौले गेली. हरिहरेश्वराजवळच्या एका वाडीतल्या काकूंकडे त्या दिवशी एक चुकार रवण चालू होते, मेच्या मध्यावर बसवलेले. छप्पर वाजू लागल्यावर त्यांनी कोंबडीसकट टोपली उचलली, लाकडी पलंगाखाली सरकवली आणि वरून परात झाकली. खुडूक कोंबडी जागची हलली नाही. बाहेरच्या अकरा कोंबड्यांपैकी दोन परत आल्या. चार दिवसांनी अकरा अंड्यांतून चार पिल्ले निघाली. ‘झाडं मोजायला माणसं आली,’ त्या म्हणाल्या, ‘कोंबड्या किती विचारलं. मी कधी मोजल्याच नव्हत्या. डालं भरलं की पुऱ्या झाल्या, एवढं मला ठावं.’

त्या चार पिल्लांतल्या एका तलंगेचा वंश आज त्या वाडीत चालू आहे. मागच्या माघात मी गेलो तेव्हा त्या वंशातली एक करडी कोंबडी चुलीमागच्या कोपऱ्यात टोपलीत बसलेली होती. तिच्याखाली तेरा अंडी : पाच काकूंची, आठ शेजारणीकडच्या वनराजांची. शेजारणीच्या दारात पंचवीस कोंबड्या आहेत आणि त्यातली एकही बसत नाही. ठराव जुनाच होता, निम्मी-निम्मी, फक्त अंडी कोणाची हे ओळखायला यावेळी शेजारणीच्या मुलाने आठ अंड्यांवर स्केचपेनने फुली मारली होती. पिल्लू निघाल्यावर फुली कुठे शोधणार, असे मी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘त्याचं लिहिणं त्याच्यापाशी. सोमवारी बसवली आहे, सोमवारी या.’ तेरातून नऊ निघाली. एक घारीने नेले. उरलेली चार-चार वाटून झाली.